फोनच्या पाठीवरचा स्टिकर

रिसेप्शनच्या सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याने शेजारच्या टीपॉयवरचा फोन उचलला, उलटा केला आणि मोबाइलने त्याच्या पाठीचा फोटो काढला. मग भिंतीतून येणारी केबल फोनमधून काढून आपल्या लॅपटॉपला लावली. रिसेप्शनवरच्या मॅडमनी हे सगळं पाहिलं. फोन दुरुस्तीला कोणी आलं असेल असं वाटून त्यांनी विचारलं, "चहा घेणार का?" चहा येईस्तोवर त्या लॅपटॉपवर आमच्या कॉल सर्व्हरचं लॉगिनचं पान उघडलेलं होतं.

पाहुणा म्हणजे आम्हीच पैसे देऊन बोलावलेला पेनिट्रेशन टेस्टर, परवानगीने नेटवर्क फोडून बघणारा तपासनीस. २०२४च्या पावसाळ्यातली गोष्ट. कार्यालय पुण्यात बाणेरला, चार मजले, ३१२ टेबल फोन. नाशिकला सातपूर एमआयडीसीत शाखा, तिथे ४१. नेटवर्क मी आणि माझा एक सहकारी बघतो. अहवालात १४ मुद्दे होते. १३ मुद्द्यांवर आम्ही काही ना काही बाजू मांडली. या एकावर गप्प बसलो, कारण ही फट त्याने शोधली नव्हती, आम्हीच ठेवली होती.

तात्पुरती सोय

पुण्यातल्या आमच्या संगणकांना ८०२.१एक्स आधीपासून होतं. ज्यांचा या आकड्याशी संबंध आलेला नाही त्यांनी सोसायटीचं गेट डोळ्यांपुढे आणावं. वॉचमन म्हणजे स्विच, सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात ती पेटी. आलेल्या माणसाला सोडायचं की नाही हे तो स्वतः ठरवत नाही, इंटरकॉमवरून वर विचारतो. वर बसलाय रेडियस सर्व्हर. त्याने "येऊ द्या" म्हटलं की पोर्ट, म्हणजे स्विचवरचं ते सॉकेट, उघडतो. तोवर त्या पोर्टमधून ओळख पटवण्याच्या निरोपांखेरीज काहीही आत जात नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने हे मानक पहिल्यांदा काढलं २००१ साली, म्हणजे नवलाई काही उरलेली नाही.

फोन मात्र मॅक बायपासवर होते. वॉचमनने माणसाला काही न विचारता नुसत्या नंबर प्लेटवरून गाडी आत सोडावी, तसा हा प्रकार. फोन ओळख सांगत नाही. स्विच थोडा वेळ वाट बघतो आणि मग फोनचा मॅक ॲड्रेसच, म्हणजे कारखान्यात मिळालेला नेटवर्क क्रमांकच, युजरनेम म्हणून आणि तोच पासवर्ड म्हणून सर्व्हरकडे पाठवतो. यादीत सापडला की आत. आणि तो ॲड्रेस प्रत्येक फोनच्या पाठीवर बारकोडसकट छापलेला. कुलपाची किल्ली कुलपालाच चिकटवून ठेवलेली. चार वर्षांपूर्वी फोन बसवले तेव्हाच्या नोंदवहीत माझ्याच हातचे शब्द आहेत: "तात्पुरती सोय." पावसाळ्यापुरत्या घातलेल्या पत्र्याच्या शेडला आपल्याकडे जेवढं आयुष्य मिळतं, तेवढं या सोयीलाही मिळालं.

टेस्टरने लॅपटॉपचा मॅक बदलून स्टिकरवरचा केला. मग लॅपटॉपने एलएलडीपीत (जोडलेली यंत्रं एकमेकांना आपण कोण ते सांगतात ती भाषा) "मी फोन आहे" अशी हाक दिली, तर स्विचने उत्तरात व्हॉइस व्हीलॅनचा, म्हणजे फोनांसाठी वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कचा, नंबर सांगून टाकला. फोनला आपला व्हीलॅन आपोआप कळावा म्हणून असलेली ही सोय आहे, ती विचारणाऱ्याला सांगणारच. आत गेल्यावर तिसरी गंमत. फोन सुरू होताना आपली कॉन्फिगरेशन फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने उतरवून घेतो आणि फाइलचं नाव मॅकवरूनच पडतं. टीएफटीपीत लॉगिन असा प्रकारच नाही. त्या फाइलीत फोनचा ॲडमिन पासवर्ड साध्या अक्षरांत होता. तो तिथे भरणारे हात पुन्हा आमचेच.

"फोनला पासवर्ड देता येत नाही का?"

बैठकीत आमच्या वरिष्ठांनी हाच पहिला प्रश्न विचारला, आणि प्रश्न रास्त होता. देता येतो. बहुतेक टेबल फोनांना ईएपी-एमडी५, म्हणजे पासवर्डवर ओळख पटवण्याची एक पद्धत, जमतं. पण त्यात फोन सर्व्हरला ओळख देतो, सर्व्हर फोनला देत नाही. वाटेत कोणी बसला तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही टिपून घरी जाऊन निवांत पासवर्ड शोधू शकतो. शिवाय साडेतीनशे फोनांना साडेतीनशे वेगळे पासवर्ड कोण भरणार? शेवटी सगळीकडे एकच जाणार, आणि तो एक महिन्याच्या आत व्हेंडरच्या पोराला पाठ असणार. पासवर्डवरच चालणाऱ्या पीईएपी या दुसऱ्या पद्धतीचं दुखणंही शेवटी तेच.

उरलं ईएपी-टीएलएस, म्हणजे दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट, सही केलेलं डिजिटल ओळखपत्र. फोनच्या पोटात एक खाजगी की, म्हणजे गुप्त किल्ली, असते, ती बाहेर काढता येत नाही, आणि ती आपल्याकडे आहे हे फोन गणिताने सिद्ध करतो. स्टिकरचा कितीही फोटो काढा, ती की फोटोत येत नाही.

इथे एक मोह होता. आमचे फोन सिस्कोचे. त्यांत कारखान्यातच घातलेलं एक सर्टिफिकेट असतं, त्याला एमआयसी म्हणतात. रेडियस सर्व्हरवर उत्पादकाचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे बाकीची सर्टिफिकेटं ज्याच्या आधारे पारखतात ते मूळ सर्टिफिकेट, चढवलं, फोनवर ८०२.१एक्स चालू केलं की झालं. दोन दिवसांचं काम. सहकारी म्हणाला, "अहो, करून टाकू ना, अहवाल बंद होईल." अहवाल बंद झाला असताही. पण एमआयसी काय सिद्ध करतं? हा त्या कंपनीने बनवलेला खरा फोन आहे, इतकंच. तो आमचा आहे हे नाही. तसला फोन जुन्या बाजारात रविवारी हजार-दोन हजाराला मिळतो, आणि त्याच्या पोटातलं सर्टिफिकेटही तितकंच खरं. गेटवर पॅन कार्ड दाखवलं म्हणजे माणूस खरा आहे हे कळतं. तो चौथ्या मजल्यावर राहतो हे कळत नाही.

म्हणून आपलं स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे एलएससी. कॉल मॅनेजरमध्ये, म्हणजे आमच्या कॉल सर्व्हरमध्ये, सीएपीएफ नावाची सेवा असते. फोन तिच्याकडे जातो, एमआयसी दाखवून आपण खरा फोन असल्याचं सांगतो, स्वतःची नवी की बनवतो आणि आमच्या सहीचं सर्टिफिकेट घेऊन परत येतो. कुठल्या फोनला द्यायचं हे आमच्या कॉल मॅनेजरमधल्या नोंदीवरून ठरतं. म्हणजे "हा फोन आहे" हे कारखाना सांगतो आणि "हा आमचा आहे" हे आम्ही. या दोन वाक्यांत आम्ही पुढचे चार महिने अडकलेलो होतो, हे मला आता मागे वळून बघताना दिसतं. तेव्हा रोज वेगळंच काहीतरी मोडतंय असं वाटायचं.

रेडियससाठी दोन व्हर्च्युअल मशीनवर फ्रीरेडियस घेतलं. विंडोजचं एनपीएस, म्हणजे त्यांचा रेडियस सर्व्हर, आधीपासून होतं, पण तिथे प्रत्येक सर्टिफिकेट ॲक्टिव्ह डिरेक्टरी या विंडोजच्या खात्यांच्या यादीतल्या एकेका खात्याला जोडावं लागतं, आणि २०२२च्या मेपासून मायक्रोसॉफ्टने त्या जोडणीचे नियम आणखी आवळलेत. साडेतीनशे फोनांची खोटी खाती सांभाळायला आम्ही दोघंच.

आधी कोंबडी

सर्टिफिकेट घ्यायला फोनला नेटवर्क हवं, आणि नेटवर्क मिळायला सर्टिफिकेट. यातून वाट एकच: पोर्टवर काही न बदलता, मॅक बायपास तसाच चालू ठेवून, आधी सगळ्या फोनांना एलएससी द्यायचं. मग फोनवर ८०२.१एक्स चालू करायचं. स्विच अजून विचारत नसल्याने त्याने काही बिघडत नाही. मग पोर्टवर. मग सर्वांत शेवटी बायपासची यादी काढायची. हा क्रम उलटला की एक अख्खा मजला मुका होतो.

रात्री नऊनंतर, एका वेळी अर्धा मजला, असे तीन आठवडे लागले. सर्टिफिकेट घेताना फोन रीस्टार्ट होतो, म्हणून रात्र. नव्या फोनांसाठी आमच्या खोलीत एक टेबल आणि एक वेगळा व्हीलॅन ठेवला. तिथे एमआयसीवर प्रवेश मिळतो, पण फक्त डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा) आणि कॉल मॅनेजरपर्यंत. फोन तिथे "आमचा" होतो आणि मगच वर जातो.

सर्व्हरवरचा नियम आम्ही पहिल्यांदा चुकीचा लिहिला होता, आणि हे सांगायलाच हवं, कारण मला खात्री आहे की बऱ्याच ठिकाणी तो आजही तसाच असेल. ओळख विचारल्यावर फोन सुरुवातीला आपलं नाव सांगतो, मॉडेल आणि मॅक जोडून झालेलं लांबलचक नाव. आम्ही लिहिलं होतं: नाव अशा घाटाचं असेल आणि सर्टिफिकेट वैध असेल तर व्हॉइस व्हीलॅन द्या. सहकाऱ्याने आपल्या लिनक्स लॅपटॉपवर डब्ल्यूपीए सप्लिकंट या ओळख पटवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सर्टिफिकेट संगणकाचं ठेवलं आणि नाव फोनचं लिहिलं. सर्व्हरने त्याला फोन म्हणून आत घेतलं! नाव हे नुसतं सांगितलेलं असतं. सिद्ध होतं ते सर्टिफिकेट. आणि भरवशाच्या यादीत आम्ही संगणकांची आणि फोनांची दोन्ही रूट सर्टिफिकेटं एकत्र ठेवली होती, त्यामुळे सर्व्हरच्या दृष्टीने "वैध" म्हणजे कुणाचंही वैध. आता नियम सहीवर आहे: सही सीएपीएफचीच हवी, सर्टिफिकेटच्या आतल्या नावातला मॅक आणि पोर्टवर दिसणारा मॅक एकच हवा, आणि वरवर सांगितलेल्या नावाकडे बघायचंच नाही.

नव्वद सेकंद

हे थोडक्यात. पोर्टवर ८०२.१एक्स चालू केल्यावर ज्या यंत्राला ते येत नाही त्याच्यासाठी स्विच आधी वाट बघतो आणि मग बायपासकडे वळतो. आमच्या स्विचवर ठरलेला हिशोब ३० सेकंदांच्या तीन हाकांचा, म्हणजे ९० सेकंद. कॉन्फरन्स रूममधले जुने फोन तेवढ्यात आयपी मागून मागून थकायचे आणि पडद्यावर तोच तो निरोप दाखवत बसायचे. हाकेचं अंतर १० सेकंद केलं, वाट ३० सेकंदांवर आली, तक्रारी थांबल्या.

अकाउंट्समधला पोर्ट

दुसऱ्या मजल्यावर चालू केलं त्या दिवशी सकाळी अकरा वाजता अकाउंट्समधून एका मॅडमचा मोबाइलवरून फोन. "तुम्ही काय केलंत माहीत नाही, पण माझा फोन मेलाय आणि मला बँकेचा कॉल यायचाय." जाऊन बघतो तर फोन नुसता नोंदणी गेलेला नव्हता, पूर्ण काळा होता. म्हणजे पोर्टच बंद, वीजसुद्धा नाही. आमच्या फोनांना वीज केबलमधूनच येते.

घडलं असं. टेबल फोनच्या मागे दोन सॉकेट असतात. एक भिंतीकडे जातं, दुसऱ्यात लॅपटॉप लावतात. स्विचच्या एकाच पोर्टवर म्हणून दोन बिऱ्हाडं: फोन व्हॉइस व्हीलॅनमध्ये, लॅपटॉप डेटात. आम्ही पोर्टला हेच सांगितलं होतं, एक फोन आणि एक संगणक, दोघांची ओळख वेगवेगळी. मॅडम आपला लॅपटॉप घेऊन मीटिंगला गेल्या. त्यांच्या जागेवर ऑडिटला आलेल्या मुलाने बसून आपला लॅपटॉप लावला. पहिला लॅपटॉप निघाला हे स्विचला कळायचा मार्गच नव्हता, कारण स्विचच्या बाजूने केबल फोनला जोडलेली, दिवा हिरवाच. त्याच्या वहीत पहिला संगणक अजून आतच. म्हणजे आता एका पोर्टवर दोन संगणक, नियमभंग, आणि नियमभंगाची ठरलेली शिक्षा म्हणजे पोर्ट बंद. संगणकाच्या गुन्ह्यात फोनला फाशी.

हा भाग मला अख्ख्या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा वाटतो. सर्टिफिकेट, रूट, की यावर आम्ही आठवडे घालवले, आणि कार्यालय बंद पडलं ते दोन सॉकेटमुळे. उपाय तीन थरांचा केला. शिक्षा बदलली: पोर्ट बंद करायचा नाही, फक्त नको त्या यंत्राला अडवायचं आणि नोंद करायची. दुसरं, लॅपटॉप निघाल्याचं फोनला तर कळतंच, त्याच्याच सॉकेटातली केबल निघते ना. मग त्यानेच स्विचला कळवावं. आमचे फोन लॅपटॉपच्या वतीने "तो गेला" असा लॉगऑफचा निरोप पाठवू शकतात, ती सोय चालू केली. तिसरं, ज्या जुन्या फोनांना हे जमत नाही त्यांच्या पोर्टवर निष्क्रियतेचा टायमर: इतका वेळ लॅपटॉपकडून काहीच आलं नाही तर त्याची नोंद काढून टाक. आणि ओळखलेलं यंत्र एका पोर्टवरून दुसऱ्यावर गेलं तर जुनी नोंद पुसून नवी घ्यायची परवानगी. हिच्याशिवाय मीटिंग रूममध्ये जाणारा प्रत्येक माणूस आम्हाला फोन करायचा.

रिसेप्शनच्या फोनचं मागचं सॉकेट कायमचं बंद करून टाकलं. तिथे लॅपटॉप लावायचं कोणाला कामच नाही.

नाशिक

पुण्यात सगळं मार्गी लागल्यावर आम्ही नाशिकला एक दिवस धरला होता. पाच लागले.

तिथे संगणकांनाही ८०२.१एक्स नव्हतं, सगळाच कारभार मॅक बायपासवर. तो उत्तम चालत होता. रेडियस सर्व्हर पुण्यात, मधे व्हीपीएनचा बोगदा. पहिल्या पाच फोनांवर चालू केलं, पाचही पडले. तेच मॉडेल, तेच फर्मवेअर, तेच सर्टिफिकेट. एक फोन नाशिकहून उचलून गाडीत घालून पुण्याला आणला, पोर्टला लावला, चट्कन चालला. परत नेला, पडला. वाटेतला टोल त्या आठवड्यात आम्ही इतक्यांदा भरला की सहकारी म्हणाला, हा खर्च प्रोजेक्टवर टाकू.

फ्रीरेडियस डीबगमध्ये, म्हणजे प्रत्येक पायरी पडद्यावर दाखवेल असं, चालू करून बसलो. फोनकडून ओळख येते, सर्व्हर म्हणतो टीएलएस सुरू कर, फोन हॅलो पाठवतो, सर्व्हर आपलं सर्टिफिकेट चार तुकड्यांत पाठवतो, फोन प्रत्येक तुकड्याची पोच देतो. मग फोनने आपलं सर्टिफिकेट पाठवायचं. तिथे शांतता. तीस सेकंदांनी सगळं पहिल्यापासून. नकार कुठेच नाही. नकार आला असता तर बरं वाटलं असतं, काहीतरी वाचायला मिळालं असतं.

शेवटी दोन्ही टोकांना टीसीपीडंप, म्हणजे येणारीजाणारी पाकिटं (डेटाचे गठ्ठे) टिपणारा प्रोग्रॅम, लावला. नाशिकच्या स्विचमधून निघालेलं पाकीट दिसतं, पुण्यात पोचत नाही. त्याच्या आकाराकडे लक्ष गेलं आणि मी कपाळावर हात मारला. फोन आपल्या सर्टिफिकेटचा तुकडा जवळजवळ इथरनेटच्या चौकटीत मावेल एवढा मोठा कापतो, १४०० बाइट्सच्या आसपास. स्थानिक केबलवर तो मावतो. पण स्विच तोच तुकडा रेडियसच्या पाकिटात घालतो. रेडियसच्या एका रकान्यात २५३ बाइट्सच मावतात, म्हणून त्याचे सहा भाग होतात, वर पोर्टचं नाव, मॅक, सहीचा रकाना, मग यूडीपी आणि आयपीची शीर्षकं. बेरीज १५०० च्या पार. मग आयपी थरावर त्या पाकिटाचे दोन तुकडे होतात. आणि नाशिकच्या फायरवॉलवर बोगद्याच्या नियमात एक खूण होती: तुकडे झालेली पाकिटं टाकून द्या. ती खूण मीच, दोन वर्षांपूर्वी, कुठल्याशा सुरक्षा यादीवरून केली होती.

मॅक बायपासचं पाकीट इटुकलं, म्हणून ते इतकी वर्षं सुखाने जात होतं. सर्व्हरकडून येणारे तुकडे आपोआप लहान, कारण फ्रीरेडियस ते मुळात १०२४ बाइट्सवर कापतं. अडकत होतं ते फक्त फोनकडून येणारं एकच मोठं पाकीट. पाचव्या दिवशी संध्याकाळी साधा पिंग, म्हणजे पलीकडे पोचतंय का हे बघणारं पाकीट, १६०० बाइट्सचा करून बघितला, गेला नाही. हे पहिल्या दिवशी पाच मिनिटांत करता आलं असतं. खूण काढली, फायरवॉलला तुकडे जोडून पुढे पाठवायला लावलं, आणि एक्केचाळीस फोन एका तासात वर आले. कुठल्याही शाखेत ईएपी-टीएलएस न्यायच्या आधी मोठा पिंग हा आता आमच्या कागदावरचा पहिला मुद्दा आहे.

सर्व्हरच गेला तर

यावर वाद झाला, आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही. दोन्ही रेडियस सर्व्हर एकदम बंद असतील किंवा नाशिकची लाइन तुटली असेल, तेव्हा स्विचने काय करावं? संगणकांना बंद ठेवावं यावर एकमत. फोनांचं? सुरक्षा बघणारे म्हणाले बंद, नाहीतर सर्व्हर पाडला की कोणीही आत. माझं म्हणणं वेगळं. टेबल फोनवरून १०८ला ॲम्ब्युलन्ससाठी आणि ११२ला फोन जातात. वीज गेली, यूपीएस दमला, परत आली की साडेतीनशे फोन एका क्षणी उठतात आणि सगळे एकदम रेडियसच्या दारात. त्यात सर्व्हरही उठतच असेल तर काही मिनिटं कोणालाच ओळख मिळत नाही. त्या मिनिटांत तिसऱ्या मजल्यावर कोणाच्या छातीत दुखलं तर मला "धोरणाप्रमाणे बंद होता" असं उत्तर द्यायचं नाही. म्हणून सर्व्हर मेलेला दिसला तर फोनांना व्हॉइस व्हीलॅन मिळतो.

त्याची किंमत व्हॉइस व्हीलॅनमध्येच वसूल केली. तिथून आता फक्त कॉल मॅनेजरकडे नोंदणीचं आणि फाइलींचं बोलणं, आणि फोन-फोनमध्ये आवाजाचे यूडीपी पोर्ट. कॉल मॅनेजरचं ॲडमिनचं पान तिथून उघडत नाही. कॉन्फिगरेशन फाइली एन्क्रिप्ट केल्या, आणि त्यांतला पासवर्ड तर बदललाच. टेस्टरच्या लॅपटॉपवर जे पान उघडलं होतं ते खरं तर या दुसऱ्या दुरुस्तीने बंद झालं, ८०२.१एक्सने नव्हे. हे मी अहवालाच्या उत्तरात लिहिलं तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "मग चार महिने काय केलं?" त्यांना नाशिकची गोष्ट सांगितली.

मुदतीचंही एक सांगायचं राहिलं. आमचे सगळे एलएससी तीन आठवड्यांत दिले गेले, म्हणजे ते संपणारही त्याच तीन आठवड्यांत. आणि मुदत संपलेला फोन आपलं जुनं सर्टिफिकेटच पुढे करत राहतो, आत येऊ शकत नाही, म्हणून नवं घेऊ शकत नाही. पुन्हा कोंबडी आणि अंडं. त्यामुळे नूतनीकरण मजल्यामजल्याने विखुरलं, पहिल्या मजल्याचं पहिल्याच वर्षी करून घेतलं, आणि साठ दिवस उरलेल्या फोनांची यादी दर सोमवारी मेलवर येते.

एक धोका तसाच आहे. ओळख दारात एकदा होते. त्यानंतर फोन आणि भिंत यांच्यामध्ये कोणी दोन सॉकेटांची छोटी पेटी बसवली तर ती खऱ्या फोनच्या आडून बोलू शकते. त्याला उत्तर मॅकसेक, म्हणजे केबलवरचं प्रत्येक पाकीटच बंदिस्त करणं. ते आमच्या सगळ्या फोनांना आणि स्विचना जमत नाही. निदान बोलणं ऐकता येऊ नये म्हणून कॉलचे निरोप टीएलएसवर आणि आवाज एसआरटीपीवर, म्हणजे दोन्ही एन्क्रिप्ट करून, नेला.

यादीतली सात यंत्रं

फोनांची मॅक बायपासची यादी ३५३ वरून सातवर आली. चार जुने कॉन्फरन्स फोन, लिफ्टमधला एक, सर्व्हर रूमच्या भिंतीवरचा एक, आणि गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमधला एक. त्या सातांना कॉल मॅनेजरखेरीज कुठेच जाता येत नाही. २०२४च्या जुलैमध्ये ब्लास्ट-रेडियस नावाचा, रेडियस सर्व्हरचं उत्तर वाटेत बदलता येण्याचा दोष जाहीर झाला होता, त्याचा त्रास ईएपीला नाही, पण बायपासच्या साध्या पाकिटांना आहे. म्हणून स्विच आणि सर्व्हर दोघांनाही प्रत्येक पाकिटावर मेसेज ऑथेंटिकेटर, म्हणजे फेरफार झालेला नाही हे दाखवणारी सही, सक्तीचा केला.

टेस्टर डिसेंबरात पुन्हा आला. रिसेप्शनला बसला, फोन उलटा केला, स्टिकरचा फोटो काढला, लॅपटॉप लावला. मॅडमनी या वेळी चहाऐवजी आम्हाला फोन केला, तोही त्यांच्या टेबलावरच्या फोनवरून. खाली गेलो तर त्याच्या लॅपटॉपला १६९.२५४ने सुरू होणारा, कोणी न दिल्यास लॅपटॉप स्वतःच घेतो तो पत्ता मिळालेला, म्हणजे काहीच मिळालेलं नव्हतं. केबल काढून त्याने लॅपटॉप बंद केला आणि खिडकीतून गेटकडे बघत विचारलं, "ते केबिनमधल्या काकांच्या टेबलावर जो फोन आहे, तो कुठला?"

तो फोन आम्ही घेतला तेव्हाच जुना होता. नव्याची मागणी खरेदी विभागाकडे ऑक्टोबरातच दिली आहे. रक्कम लहान असली तरी नियमाप्रमाणे तीन कोटेशन लागतात, आणि तिसरं अजून यायचं आहे.